आमची वाटचाल : माका, कढई आणि आम्ही दोघं

धंदा करायचा असं काही ठरवून सुरू झालं नाही, आई घरच्यापुरतं माक्याचं, म्हणजे माका या वनस्पतीच्या पाल्याचं, केसांना लावायचं तेल कढवायची, तिच्या हातचं तेल मागणारे वाढत गेले आणि आम्ही नवरा-बायकोने कढई मोठी घेतली, एवढंच.

पहिला मोठा घाणा पूर्ण वाया गेला. प्रमाण बरोबर होतं, १ लिटर तेलाला ४ लिटर ताजा रस आणि पाव किलो वाटलेला पाला, पण घाई केली आणि रसातलं पाणी पुरतं आटायच्या आधीच गॅस बंद केला. महिनाभरात खवट वास, बाटलीच्या तळाशी बुरशी, सगळ्यांना पैसे परत दिले. आईने फक्त एवढंच विचारलं, "वात करून बघितली होती का रे?" म्हणजे कढईतला चोथा बोटांवर वळून वात करायची आणि पेटवायची, तडतडली की पाणी आहे, गुपचूप जळली की तेल झालं. हे कुठल्या मशीनवर नाही, आजही प्रत्येक घाण्याला हेच करतो.

मग कच्चा माल. वाळलेली पावडर घेतली की आत नक्की काय आहे कळत नाही, पिवळ्या फुलाचा माकाही माका म्हणूनच विकला जातो, आम्हाला हवा पांढऱ्या फुलाचा. ओला पाला आला की आधी देठ चुरगळून बघायचा, रस आधी हिरवट दिसतो आणि थोड्या वेळात बोटं काळी-निळी पडतात. मग स्वतःच लावायचं ठरवलं तर तिथेही आपटलो, बी नीट मातीखाली पेरलं आणि एक रोप आलं नाही! नंतर कळलं की या बारीक बियांना उगवायला उजेड लागतो, ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायचीच नाही. आता वाफे भरून येतो, ओल मात्र कायम ठेवावी लागते.

टकलावर केस येतील का हा प्रश्न रोज असतोच. आम्ही नाही म्हणतो, ऑर्डर गेली तर गेली. तसंही माझेच केस पांढरे झालेत त्यामुळे कस्टमर आले की बायको मला आत कढईपाशी पाठवते.