मेंबर होता येत नाही, पण ब्रश मिळतो

इथे अमेरिकेत आपल्या मंडळींना डीएआर म्हटलं की बहुतेकांना काही कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांच्या डोळ्यासमोर गळ्यात मोत्यांची माळ, अंगावर रिबिनी आणि पिना लावलेल्या, हळू आवाजात बोलत चहा पिणाऱ्या गोऱ्या आज्या येतात. डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन. ते चित्र काही खोटं नाहीये हं, पिना असतातच आणि चहाही असतो, पण याच बायका शनिवारी सकाळी गुडघ्याखाली उशी घेऊन स्मशानात दगड घासत बसतात हे कोणी सांगत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1889 मध्ये इथल्या पुरुषांनी सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन नावाची संस्था काढली, इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध लढलेल्यांच्या वंशजांची. बायका म्हणाल्या आम्हालाही घ्या, आमचेही तेच आजे-पणजे. 1890 साली त्यांना नाही म्हणून सांगितलं. मग बायकांनी 11 ऑक्टोबर 1890 ला वॉशिंग्टनमध्ये आपली स्वतःची संस्था उभी केली, राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या पत्नी कॅरोलाइन या तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या, आणि 1896 मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तिला कायद्याने मान्यताही दिली. आता गावोगावी तिच्या शाखा आहेत, त्यांना चॅप्टर म्हणतात, आणि चॅप्टरच्या प्रमुख बाईंना रीजंट. रीजंट ऐकलं की आपल्याला एकदम कुठल्यातरी संस्थानाचा कारभार आठवतो, पण काम बरंचसं सोसायटीच्या सेक्रेटरीचं असतं, म्हणजे ईमेल करा, हॉल बुक करा, कोण येणार कोण नाही ते विचारा.

मेंबर व्हायची अट मात्र कडक आहे. बाई हवी, अठरा वर्षं पूर्ण हवीत, आणि त्या युद्धात मदत केलेल्या कुणाची तरी थेट वंशज हवी, चुलत-मावस चालत नाही. मदत म्हणजे नुसती बंदूक नव्हे. सैन्याला धान्य दिलं, गुरं दिली, नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घेतली, गावच्या कमिटीवर बसला, असं सगळं धरतात, आणि त्यात बायका, काळे, नेटिव्ह म्हणजे इथले मूळ रहिवासी, स्पॅनिश सगळे येतात. पण मग तिथून आपल्यापर्यंत प्रत्येक पिढीचा कागद लागतो. जन्म, लग्न, मृत्यू, जनगणना, मृत्युपत्र, घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर कुणीतरी लिहून ठेवलेली पोरांची नावं, विधवेने पेन्शनसाठी केलेला अर्ज, काहीही. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये पाच-सात पिढ्यांची नावं सापडतात ना, गेलं की गुरुजी गाव आणि आडनाव विचारून बरोबर वही काढतात, तसंच हे, फक्त वही आपण स्वतः शोधायची. आणि हे शोधायला चॅप्टरच्या रजिस्ट्रार बाई मदत करतात, फुकट, तासन् तास. आमच्या इथल्या रजिस्ट्रार माझ्याच गल्लीत राहतात, रिटायर्ड आहेत, आणि एखाद्या अनोळखी बाईची हरवलेली पणजी सापडली की त्यांना लॉटरी लागल्यासारखा आनंद होतो. संस्थेने हा सगळा साठा ऑनलाइन शोधायची सोय केलीय, तीही फुकट, मेंबर नसलात तरी. मला विचाराल तर सेवा म्हणून हीच सगळ्यात मोठी, पण ती फोटोत दिसत नाही म्हणून कुणी मोजत नाही.

आता दगड घासण्याबद्दल, कारण तिथे मी स्वतः जाते. जुन्या स्मशानांमध्ये सैनिकांच्या कबरीवर संगमरवराचे दगड असतात, शंभर-दीडशे वर्षांत त्यावर शेवाळं आणि दगडफूल चढून ते काळे-हिरवे पडतात, नाव वाचता येत नाही. साफ करायला काय लागतंय, घासलं की झालं, असं वाटतं. पण इथे आधी क्लास घेतात. स्मशानाची परवानगी काढायची. दगड हलतोय किंवा पापुद्रे सुटतायत असं दिसलं तर हात लावायचा नाही, पुढच्या दगडाकडे जायचं. ब्लीच बंद, कारण ब्लीचमधले क्षार दगडाच्या आत जातात, तिथे त्यांचे खडे धरतात आणि दगड आतून भुगा होत जातो, वरून पहिल्या दिवशी मात्र एकदम पांढराशुभ्र दिसतो, त्यामुळे लोक फसतात. तारेचा ब्रश बंद, प्रेशर वॉशर बंद. भरपूर साधं पाणी, मऊ ब्रश, दगडफूल खरवडायला लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी. आणि घासायचं खालून वर, वरून खाली नाही, नाहीतर घाणीचे ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात आणि डाग पडतात. मग डी-टू नावाचं एक द्रावण फवारतात, सरकारी सैनिकी स्मशानांमध्येही तेच वापरतात, ते मारून थोडा वेळ थांबायचं, पुन्हा हलकं घासायचं, धुवायचं आणि घरी जायचं. दगड त्या दिवशी जेमतेम उजळतो. खरा रंग पुढच्या काही आठवड्यांत ऊनपावसात आपोआप येतो. ज्यांना लगेच आधीचा-नंतरचा फोटो हवा असतो ते लोक पुन्हा येत नाहीत, आणि माझ्या मते त्यात कुणाचंच नुकसान नाही.

नाव वाचायचीही एक युक्ती शिकवली. लोक खडू घासतात किंवा शेव्हिंग क्रीम फासतात, दोन्ही वाईट. एक मोठा आरसा घ्यायचा, उन्हाचा कवडसा दगडावर तिरपा पाडायचा, की कोरलेल्या अक्षरांच्या कडेला सावली पडते आणि कुठेही काहीही न लावता नाव दिसायला लागतं. मला हे इतकं आवडलं की घरातला जुना आरसा आता गाडीच्या डिकीतच असतो, त्यावरून घरी जे बोलणं ऐकावं लागतं ते इथे लिहीत नाही.

दुसरं काम माझ्या जास्त जवळचं, ते म्हणजे सिटिझनशिपच्या शपथविधीला जाणं. आपल्यातल्या ज्यांनी शपथ घेतलीय त्यांना आठवत असेल, ग्रीन कार्ड परत घेतात, हात वर करून शपथ, मग सर्टिफिकेट, आणि बऱ्याच ठिकाणी दारात कुणीतरी आजी छोटा झेंडा हातात देऊन अभिनंदन करते. ती आजी पुष्कळदा डीएआरची असते. या संस्थेने 1921 मध्ये बाहेरून आलेल्यांसाठी नागरिकत्वाचं एक छोटं मार्गदर्शक पुस्तक काढलं होतं, अनेक भाषांत, आणि एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या ज्या बेटावर बाहेरून आलेल्यांची तपासणी व्हायची तिथे, अडकून पडलेल्यांना शिवणकाम-विणकामाचं सामान पुरवायचं कामही त्या बायकांनी केलं. छान वाटतं ना ऐकायला. पण त्याच्या दोनच वर्षांनी, 1923 मध्ये, इथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या केसमध्ये सांगितलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, त्यामुळे त्याला नागरिक होता येणार नाही. थिंड तर पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, म्हणजे यांच्याच हिशोबाने देशभक्त. आपल्या लोकांना तो हक्क 1946 च्या कायद्याने मिळाला. म्हणजे पुस्तक अनेक भाषांत होतं, पण ते वाचून आपल्याला काही मिळणार नव्हतं. हे मी रजिस्ट्रार बाईंना सांगितलं तर त्या गप्प ऐकत राहिल्या आणि पुढच्या मीटिंगला मलाच त्यावर बोलायला उभं केलं, तेही फ्रूट सॅलड आणि कुकीजच्या आधी.

आणि मेरियन अँडरसनचं नाव घेतल्याशिवाय डीएआरबद्दल लिहिणं म्हणजे फसवणूक होईल. 1939 मध्ये ही मोठी काळी गायिका वॉशिंग्टनमधल्या संस्थेच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये गाणार होती, तर वर्णावरून हॉल नाकारला. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट मेंबर होत्या, त्यांनी राजीनामा दिला. मग 9 एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, अँडरसन लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर गायल्या आणि समोर 75 हजार लोक होते. पुढे 1943 मध्ये त्या त्याच हॉलमध्ये गायल्या. पण संस्थेत पहिली काळी सदस्य यायला 1977 उजाडलं. नंतर यांनी स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या काळ्या आणि नेटिव्ह लोकांची नावं कागदपत्रांतून शोधून 2008 साली एक जाडजूड ग्रंथही काढला. माझा नवरा म्हणतो, हे सगळं उशिरा सुचलेलं. असेलही. पण ती नावं शोधायला कुणीतरी वर्षानुवर्षं धुळीत बसलं, आणि त्या नावांच्या आधारे आज कुणीतरी अर्ज भरतंय, हे मला नुसत्या माफीपेक्षा जड वाटतं.

बाकी कामं भरपूर आहेत, सगळी सांगत बसत नाही. 11 ऑक्टोबरला सेवादिन असतो. डिसेंबरात सैनिकांच्या कबरींवर हिरव्या पानांच्या माळा ठेवतात, त्यात प्रत्येक नाव मोठ्याने म्हणायचं असतं, आणि पोलिश नावं उच्चारताना माझी जी धांदल उडते ती माझं आडनाव उच्चारताना त्यांची उडते, फिटंफाट. बेघर माजी सैनिकांसाठी मोजे गोळा करतात, मोजे का तर कपडे लोक जुने देतात, मोजे कुणी देत नाही आणि नवेच लागतात. फाटलेले झेंडे गोळा करून रीतसर जाळायला पाठवतात, इथे झेंडा कचऱ्यात टाकायचा नसतो.

संविधान सप्ताह मात्र सांगते. 17 सप्टेंबर 1787 ला इथल्या संविधानावर सह्या झाल्या, म्हणून 17 ते 23 सप्टेंबर हा आठवडा साजरा करतात. 1955 मध्ये डीएआरनेच तो मागितला आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कायद्यावर सही केली. लायब्ररीत प्रदर्शन मांडायचं, शाळेत पुस्तिका वाटायच्या, घंटा वाजवायच्या. मी मराठवाड्यातली, 17 सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे मुक्तिसंग्राम दिन, 1948 ला निजामाचं राज्य संपलं तो दिवस, सकाळी झेंडावंदन आणि मग सुट्टी. त्यामुळे लायब्ररीतलं टेबल लावताना दरवर्षी मी मनातल्या मनात दोन कार्यक्रम करते आणि कुणाला सांगत नाही, एकदा सांगायला गेले तर निजाम कोण इथपासून सुरुवात करावी लागली आणि लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली.

यंदा आमच्या चिरंजीवांनी यांच्या निबंध स्पर्धेत भाग घेतला. ती पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी असते, विषय संस्था ठरवते, आणि शेवटी संदर्भांची यादी लागते, तिथेच निम्मी पोरं गळतात. बक्षीस काही मिळालं नाही, पण रजिस्ट्रार बाई घरी येऊन त्याच्याशी निबंधावर अर्धा तास बोलल्या, चकल्या खाल्ल्या, आणि जाताना मला म्हणाल्या, तुला काही आम्ही घेऊ शकत नाही, पण याने पुढेमागे एखाद्या जुन्या व्हर्जिनियन घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं तर तुझी नात आमच्यात येईल, कागद मी आत्तापासून बघून ठेवते. मी म्हटलं बाई, आधी त्याला आठवीचं गणित पास होऊ द्या.