जुन्या सिव्हिकचं इंजिन घरीच बदलताना

अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षं जुन्या गाडीचं इंजिन गेलं, की गॅरेजमध्ये मजुरीचाच आकडा पुष्कळदा गाडीच्या किमतीला मागे टाकतो. मजुरी तासावर असते आणि इंजिन उतरवून दुसरं चढवायला बरेच तास लागतात. त्यामुळे इथे हे काम पुष्कळ लोक घराच्या गॅरेजमध्ये, दोन-तीन सुट्ट्या जोडून स्वतःच करतात. आपल्याकडे यासाठी हाताखाली दोन पोरं असलेला मिस्त्री लागतो, असा समज आहे. इथे भाड्याची इंजिन क्रेन, इंजिन स्टँड, टॉर्क रेंच आणि कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल एवढ्यावर भागतं. खाली १९९६ ते २००० सालच्या होंडा सिव्हिकचं उदाहरण घेतलं आहे. इंजिन डी१६वाय७ किंवा डी१६वाय८, दोन्ही १.६ लिटरची. या गाडीचे भाग सहज मिळतात आणि बॉनेटखाली हात घालायला जागाही बरी आहे.

आधी कायद्याचं. भारतात आरसीवर इंजिन नंबर असतो, त्यामुळे इंजिन बदललं की आरटीओत नोंद करावी लागते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मालकीच्या कागदावर फक्त गाडीचा व्हीआयएन, म्हणजे चेसिसवरचा ओळख क्रमांक, असतो. मात्र इथे सगळा काटेकोरपणा धुराबाबत आहे. कॅलिफोर्नियात तर फारच. वाय७ च्या जागी वाय७ बसवलं, तर ती नुसती दुरुस्ती. पण १९९९-२००० च्या सिव्हिक एसआयचं बी१६ए२ बसवायचं असेल, तर ते इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं लागतं, त्याची प्रदूषण नियंत्रणाची सगळी सामग्री, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट, सोबत यावी लागते, आणि सरकारी रेफरीकडून तपासून शिक्का घ्यावा लागतो. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना तिथे धुराच्या चाचणीतून सूट आहे. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने जसंच्या तसं इंजिन बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. राहत्या जागेचा भाडेकरार आणि सोसायटीचे नियमही आधी वाचा. घरासमोर मोठी दुरुस्ती करायला पुष्कळ ठिकाणी मनाई असते.

इंजिन खरंच गेलंय का, हे मोजून ठरवा. गाडी गरम होते, कुलंट कमी होतं, पांढरा धूर येतो एवढ्यावरून इंजिन बदलायला निघणारे पुष्कळ असतात, आणि त्यातल्या अनेकांचं काम हेड गॅस्केटवर (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) भागलं असतं. इंजिन गरम करून चारही स्पार्क प्लग काढा, इग्निशन आणि इंधन बंद ठेवा, थ्रॉटल पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, गेजवर पाहा. या इंजिनाला किमान १३५ पीएसआय हवं आणि चार सिलिंडरमधला फरक २८ पीएसआयपेक्षा जास्त नको. एखादा सिलिंडर कमी भरला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या. तसाच राहिला तर दोष वर, व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील, तर गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये फुटलेलं असण्याची शक्यता मोठी. तळातून ठकठक येत असेल आणि निथळलेल्या तेलात धातूची चमक दिसत असेल, तर मात्र इंजिन बदलायला घ्या.

दुसरं इंजिन जंकयार्डमधून येतं. तिथे व्हॉल्व्ह कव्हर उघडून आत काळा चिखल साचलाय का ते पाहा, प्लग काढून रंग बघा, क्रँक हाताने पूर्ण फिरतो का तपासा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल, तर पुढच्या इंजिनाकडे जा. विकणारा वॉरंटी देतो, पण ती बहुधा इंजिनापुरती असते, मजुरीची नाही. शिवाय इंजिनावर एक छोटी धातूची टिकली चिकटवलेली असते. साधारण २५० अंश फॅरेनहाइटच्या आसपास तिचा मधला भाग वितळतो, आणि तो वितळला की इंजिन तुमच्या हातून तापलं असं मानून वॉरंटी रद्द होते. म्हणून जुनं रेडिएटर आणि जुना थर्मोस्टॅट नव्या इंजिनाला लावू नका.

वायरिंगच्या डोकेदुखीतून सुटायचा एकच मार्ग आहे: विकत आणलेलं नुसतं ब्लॉक आणि हेड समजा. इनटेक मॅनिफोल्ड, डिस्ट्रिब्युटर, सेन्सर, वायरिंग, सगळं स्वतःच्या गाडीचं त्यावर चढवा. १९९६-९८ आणि १९९९-२००० च्या गाड्यांच्या कॉम्प्युटरचे प्लग वेगळे आहेत. आपलंच वायरिंग ठेवलं की तो प्रश्न उरत नाही.

क्रेनने इंजिन उचलणं दिसायला मोठं, पण या कामातला तो सोपा भाग आहे. खरा वेळ इंजिन स्टँडवर असताना द्यायचा. गाडीत बसल्यावर ज्या जागी हात पोचत नाही, तिथलं सगळं आत्ताच बदलून घ्या: टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, कॅमचं आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट. विकत आणलेल्या इंजिनाचा बेल्ट नवा दिसतो म्हणून तसाच ठेवू नका. हे इंजिन असं आहे की बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो.

बेल्ट बसवताना हमखास होणारी चूक क्रँक पुलीवरच्या खुणांची. एकटी पांढरी खूण टीडीसीची, म्हणजे पहिला पिस्टन अगदी वर असतानाची. बाजूला तीन खुणा असतात, त्यातली मधली लाल खूण इग्निशन टायमिंगची. लाल खुणेवर बेल्ट चढवला, तर टायमिंग चुकतं आणि गाडी सुरू झालीच तरी ओढत नाही. कॅम पुलीवरचं ‘अप’ अक्षर वर हवं. दुसरी गोष्ट फिरण्याच्या दिशेची. ही होंडा इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतात. बेल्ट ताणताना क्रँक त्याच दिशेने, कॅम पुलीचे तीन दाते सरकतील एवढा फिरवा आणि मग टेन्शनरचा बोल्ट ४४ न्यूटन-मीटरला आवळा. नंतर हाताने क्रँक पाच-सहा फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवून पाहा. कुठे अडलं तर जोर लावू नका, आधी कारण शोधा.

याच दिशेमुळे क्रँक पुलीचा बोल्ट स्टार्टरच्या झटक्याने सुटत नाही. इतर गाड्यांची ही युक्ती इथे बोल्ट आणखी घट्टच करते. त्यासाठी पुलीतल्या ५० मिलिमीटरच्या षटकोनी खाचेत बसणारं होल्डर आणि लांब ब्रेकर बार लागतो. इंजिन स्टँडवर असताना हा जोर लावू नका, स्टँड कलंडतो. इंजिन जमिनीवर टायरवर ठेवूनच बोल्ट मोकळा करून घ्या.

टॅपेट सेटिंगही याच वेळी, इंजिन थंड असताना करा. इनटेकला ०.१८ ते ०.२२ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.२३ ते ०.२७. फीलर गेज हलक्या ओढीने सरकलं पाहिजे.

क्रँकचं मागचं सील मात्र स्टँडवर बदलता येत नाही, कारण स्टँड गिअरबॉक्सच्याच बाजूला बोल्टने जोडलेला असतो. इंजिन क्रेनला टांगल्यावर, फ्लायव्हील चढवायच्या आधी ते बदला. हे विसरलात तर महिन्याभरात क्लचवर तेल येतं आणि सगळा डाव पुन्हा मांडावा लागतो. स्टँडसाठी लागणाऱ्या बोल्टांचे आटे बारीक आहेत, एम१२ गुणिले १.२५. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारे १.७५ वाले जबरदस्तीने फिरवले, तर ब्लॉकचे आटे जातात.

आता जुनं इंजिन उतरवणं. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडा. पेट्रोलचा दाब काढताना टाकीचं झाकण उघडा, फिल्टरवरच्या सर्व्हिस बोल्टभोवती फडकं गुंडाळा आणि बोल्ट एकच फेरा सैल करा. एसीचे पाइप सोडू नका. गॅस हवेत सोडणं इथे कायद्याने मना आहे, आणि त्याची गरजही नाही. कॉम्प्रेसर पाइपांसकट बाजूला घेऊन तारेने बांधून ठेवा. गिअरबॉक्सचं तेल काढल्याशिवाय चाकांकडे जाणारे शाफ्ट ओढू नका. शाफ्टसाठी चाकाकडचा मोठा नट सोडायचीही गरज नाही. खालचा बॉल जॉईंट आणि डँपर फोर्क सुटला की नकल (चाक धरणारा भाग) बाहेर सरकतो आणि आतलं टोक टॉमीने निसटतं. प्रत्येक प्लगला चिकटपट्टी लावून नाव लिहा, आणि सोडण्याआधी फोटो काढा.

ईशान्येच्या आणि मिडवेस्टच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथल्या गाडीचे एक्झॉस्टचे नट गंजून एकजीव झालेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, तरी हलले नाहीत तर टॉर्चने तापवा, पण तेव्हा पेट्रोलची नळी उघडी नसावी. स्टड तुटला तर घाबरू नका, नवे स्टड स्वस्त असतात.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडूनच वर उचला. दोन टनी क्रेनचा हात पूर्ण लांब केला की तिची क्षमता साधारण अर्ध्या टनावर येते, या इंजिनाला तेवढी पुरते. पुढचं वजन गेल्यावर गाडीचा तोल मागे सरकतो, म्हणून मागच्या चाकांना ठोकळे लावा. टांगलेल्या इंजिनाखाली हात किंवा पाय घालायचा नाही, एका क्षणासाठीही.

जोडणीत सगळ्यात महाग पडणारी चूक डाउएल पिनांची. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये दोन पोकळ पिना असतात. त्या जुन्या इंजिनातच राहून जातात, मग गिअरबॉक्स केसभर वाकडा बसतो आणि क्लच व बेअरिंग लवकर खराब होतं. फ्लायव्हीलचे बोल्ट ११८ न्यूटन-मीटर, प्रेशर प्लेटचे २५, तेही समोरासमोर थोडे थोडे आवळत. क्लच प्लेट मध्यावर आणायला अलाइनमेंट टूल वापरा. गिअरबॉक्स हाताने सरकत जाऊन तोंडाला तोंड भिडला पाहिजे. फट उरली असताना बोल्टांनी ओढून घेतलात, तर घरच्या घरी आवरण तडकवाल. भिडल्यावर बोल्ट ६४ ला. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर फिरवत दाबताना टप्प्याटप्प्याने आत बसतो. पूर्ण न बसवता जोडलं, तर गिअरबॉक्सचा ऑइल पंप फुटतो.

खाली उतरवल्यावर माउंटिंगचे सगळे बोल्ट आधी हाताने धरवा. क्रेनचा भार सुटून इंजिन आपल्या वजनाने बसलं, की मगच आवळा, नाहीतर स्टिअरिंगपर्यंत थरथर येते. अर्थच्या तारा मोजून लावा. थर्मोस्टॅट हाउसिंगवरची तार राहिली, तर गाडी सुरूच होत नाही किंवा विचित्र वागते, आणि माणूस डिस्ट्रिब्युटर बदलत बसतो.

ऑइल फिल्टरसकट ३.३ लिटर, ५डब्ल्यू-३०. पहिल्यांदा स्टार्टर मारण्याआधी डिस्ट्रिब्युटरचा प्लग आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थोडं थोडं फिरवा, मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या. दिवा विझला नाही तर इंजिन सुरू करू नका. कुलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीड बोल्टमधून बुडबुडे थांबेपर्यंत भरा, आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत रेडिएटरवर नजर ठेवा. हीटरमधून गार हवा आली, तर आत हवा अडकली आहे.

बॅटरी सुटल्यामुळे कॉम्प्युटरच्या आठवणी पुसलेल्या असतात, म्हणून लगेच धुराच्या चाचणीला गेलात तर परत पाठवतील. आठवडाभर शहरात आणि हायवेवर चालवून तयारीचे मॉनिटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या धुराबाबतच्या तपासण्या, पूर्ण होऊ द्या. कॅलिफोर्नियात १९९६-९९ च्या गाडीला एक मॉनिटर अपूर्ण चालतो, २००० पासूनच्या गाडीला फक्त इव्हॅपचा (पेट्रोलची वाफ अडवणाऱ्या यंत्रणेचा).

पहिलं तेल ५०० मैलांवर बदला आणि ते कापडावर गाळून धातूचे कण पाहा. जुन्या इंजिनातलं तेल पूर्ण निथळून ते विकणाऱ्याकडे परत न्या. खरेदीच्या वेळी त्याने जुन्या इंजिनापोटी अनामत घेतली असेल, तर ती मिळते, पण पावती दाखवावी लागते आणि मुदतही असते.