दोन खांब जोरात, एक खांब निवांत

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिही, असा निरोप आला तेव्हा गॅदरिंग, छड्या आणि मधल्या सुट्टीतल्या चिंचा यांवर बाकीचे लिहितीलच असं गृहीत धरलं. मला लिहायचंय ते पुण्यात खडकीहून दापोडीकडे रेल्वेच्या कुंपणालगत जाणाऱ्या मातीच्या वाटेवर. ती शाळेच्या मालकीची कधीच नव्हती, पण शाळेतला माझा सगळ्यात आवडता वर्ग तोच.

आपली शाळा दुपारची, म्हणून क्रॉसकंट्रीचा, म्हणजे मैदानाबाहेरच्या लांब पल्ल्याच्या पळण्याचा, सराव सकाळी. पी.टी.च्या सरांच्या गळ्यात स्टॉपवॉच असायचं, पण त्यांचा भरवसा विजेच्या खांबांवर. रुळांकडेच्या प्रत्येक खांबावर छोटी पाटी असते. वर मुंबईपासूनचा किलोमीटर, खाली खांबाचा क्रमांक. एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम. पुणे स्टेशन १९२ किलोमीटरवर, त्यामुळे आमच्या वाटेवर आकडे १८० च्या घरातले. ‘‘दोन खांब जोरात, एक खांब निवांत!’’ एवढंच सर ओरडायचे. ही तर १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये निघालेली, पळता पळता वेग कमी-जास्त करायची फार्टलेक पद्धत, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. सरांना ती कुठून सापडली देव जाणे.

दापोडीकडे पळताना आकडे उतरायचे, परतताना चढायचे. अभ्यासात मठ्ठ असलेली आमच्यातली पोरंसुद्धा तिथे तोंडी वजाबाक्या करायची. खांब वाचायचे ते कुंपणाच्या बाहेरूनच. रुळांवर विनापरवाना जाणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सरांचा कायदा त्याहून कडक होता. कुंपणाच्या तारेला हात लागला तरी आठवडाभर मैदान बंद.

खरी मजा दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत. एका अंगाला घाणेरी, एरंड आणि सुबाभूळ, तारेवर शेपटीची कात्री करून बसलेला कोतवाल. हमरस्त्याचा आवाज कुठेतरी लांब. पायाखालची माती पावसाळा सरला की इतकी बेताची मऊ व्हायची की आपलेच पाय आपल्याला ऐकू येत नसत. ना टाळ्या, ना शिट्टी, ना कोणी बाजूला बघणारं. शर्यतीत मी कायम मधल्या घोळक्यातला. त्या वाटेवर मात्र माझा नंबर कितवा, हा प्रश्नच नसायचा.

आणि मग डेक्कन क्वीन. १९३० पासून धावणारी ही गाडी सव्वासातला पुण्याहून सुटते, खडकीला थांबत नाही. आधी मागून हॉर्न, मग पोटऱ्यांना जाणवणारी थरथर, आणि निळे-पांढरे डबे शेजारून सपासप. डायनिंग कारच्या खिडकीत कपबशी धरलेला एखादा साहेब आमच्याकडे बघायचा. आम्ही चेव आल्यासारखे तिच्याबरोबर पळायचो आणि दुसऱ्या खांबाला हरायचो. सर त्यावर कधी रागावले नाहीत. आता तिचे डबे हिरवे-लाल आहेत, आणि वेल्ड करून जोडलेल्या लांब रुळांमुळे सांध्यांवरचं ते खडखट-खडखटही पूर्वीइतकं ऐकू येत नाही. याला प्रगती म्हणायला माझी हरकत नाही, फक्त ताल गेला.

पुढे पुणे मॅरेथॉनमध्येही पळालो. गर्दी, बँड, पाण्याचे स्टॉल, सगळं झकास. पण अजूनही सुट्टीच्या दिवशी मोबाइल घरी ठेवून मी त्या वाटेलाच जातो. कानात बोळे घालून पळणाऱ्या तरुण मंडळींना मी काही शिकवायला जात नाही. फक्त रुळांशेजारी तरी ते काढा, एवढं सांगतो.

महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, जुन्या क्रॉसकंट्रीवाल्यांनी सकाळी पावणेसातला शाळेच्या मागच्या फाटकाशी जमायचं ठरलंय. पोट सुटलेल्यांसाठी एक खांब जोरात, दोन खांब निवांत अशी सवलत आहे.