चूक एकदाची, हप्ते कायमचे

जपानला यायच्या तयारीत असलेली पुण्याकडची पोरं मला हमखास विचारतात, दादा तिकडे बॉस लोक खरंच अंगावर ओरडतात का. ओरडतात की काही काही, पण ओरडणारा परवडला. खरा ताप त्याचा जो हळू आवाजात बोलतो आणि ज्याच्या ड्रॉवरमध्ये तुमच्या सहीचा कागद पडलेला असतो.

इथे ओसाकात माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, सांगलीकडचा, नाव नको. एका क्लायंटचं कोटेशन त्याने चुकून दुसऱ्याच क्लायंटला मेल केलं. चूक मोठीच, नाही कोण म्हणतंय. काचोबरोबर (म्हणजे त्याचा सेक्शनचा बॉस) जाऊन दोघांनी कमरेत वाकून माफी मागितली, मग शिमात्सुशो लिहून दिलं, म्हणजे काय झालं, का झालं, परत होणार नाही असं सगळं सहीनिशी. ते इथे बऱ्याच ठिकाणी लिहून घेतात, त्यात वावगं काही नाही. क्लायंटने विषय सोडून दिला. काचोने नाही सोडला.

गणपतीला रजा मागितली की "त्या प्रकरणानंतर रजा?" ओव्हरटाइम भरायला गेला की "कंपनीचं नाव घालवलंस आणि वर तास मोजतोस?" मग एका शनिवारी काचोच्या स्वतःच्या घरचं सामान हलवायला हा हजर, कारण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार. आणि व्हिसा रिन्यू करायची वेळ आली तेव्हा अगदी गोड आवाजात, कंपनीचे कागद माझ्या हातून जातात हां, जरा जपून वाग. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पोरगं इतकं धसकलं होतं की साधा मेल पाठवायला अर्धा तास घ्यायचं आणि तरी अटॅचमेंट विसरायचं.

ते ऐकलं आणि मला आमागासाकीच आठवलं. ओसाकाच्या शेजारचंच गाव. 25 एप्रिल 2005 ला सकाळी तिथे जेआर वेस्ट ह्या रेल्वे कंपनीची लोकल रुळावरून घसरून एका अपार्टमेंटमध्ये घुसली, ड्रायव्हर धरून 107 माणसं गेली. ड्रायव्हर 23 वर्षांचा पोरगा. आधीच्या इतामी स्टेशनात गाडी सुमारे 70 मीटर पुढे गेली होती, ती मागे घेण्यात मिनिटभराहून थोडा जास्त उशीर झालेला. त्याच्याकडून आदल्या वर्षीही असंच झालं होतं आणि तेव्हा त्याला 13 दिवस "निक्किन क्योइकू" भोगावं लागलं होतं. नावाला ते ट्रेनिंग, पण प्रत्यक्षात माफीचे रिपोर्ट लिहा, नियमावली उतरवून काढा, काही ड्रायव्हरांना तर गवत उपटायला आणि साफसफाईला लावलेलं. तर त्या दिवशी इतामी सोडल्यावर त्याने गार्डला इंटरकॉमवरून विनवलं की आकडा जरा कमी करून सांग ना, आणि गार्डने कंट्रोलला 8 मीटर कळवले. 70 ची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी ताशी 116 किलोमीटरने शिरली. 2007 च्या सरकारी चौकशी अहवालात म्हटलंय की ब्रेक उशिरा लागला त्याचं कारण बहुधा हेच, त्याचं लक्ष गार्ड आणि कंट्रोलच्या बोलण्याकडे आणि आता सबब काय सांगायची याकडे लागलं होतं. शिक्षेच्या धाकाने माणूस सावध होतो म्हणणाऱ्या मॅनेजर लोकांना मी हीच गोष्ट सांगतो.

आता कामाचं बोलू. पावाहारा, म्हणजे वरच्याने पदाचा धाक दाखवून केलेला छळ, तो रोखायची जबाबदारी इथे कायद्याने कंपनीवर आहे, मोठ्या कंपन्यांना जून 2020 पासून आणि लहान-मध्यम कंपन्यांना एप्रिल 2022 पासून. तक्रार ऐकायला खिडकी ठेवावीच लागते. पण चुकीबद्दल कडक शब्दात झापलं म्हणून लगेच पावाहारा होत नाही, हे आपल्या पोरांनी आधी समजून घ्यावं, नाहीतर केस तिथेच फुसकी होते. घरचं सामान उचलायला लावणं, व्हिसाची भीती घालणं, ह्याचा त्या मेलशी काय संबंध? तिथे पकडायचं. पगार कापायची धमकी दिली तर त्यालाही कायद्यात लगाम आहे, एका प्रकरणाला सरासरी दिवसाच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त दंड लावता येत नाही. आणि केलेल्या कामाचा ओव्हरटाइम तर चूक करो न करो, द्यावाच लागतो.

मी त्याला म्हटलं पहिलं काय करायचं तर वही घाल, तारीख, वेळ, काचोचे शब्द जपानीत जसेच्या तसे, बाजूला कोण होतं ते. आणि फोनवर रेकॉर्डिंग, आपण स्वतः बोलतोय त्या संभाषणाचं गुपचूप रेकॉर्डिंग इथे गुन्हा नाही (दुबईवाल्यांनी हे वाचून तिकडे करायला जाऊ नका, तिकडे आत बसाल). मग लेबर ब्युरोचा (म्हणजे सरकारी कामगार खात्याचा) सल्ला कॉर्नर, फुकट असतो. तिथल्या बाईंनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, शिमात्सुशोची कॉपी तुमच्याकडे आहे का? नव्हती. पोरांनो, सही करायच्या आधी कॉपी घ्या, आणि त्यात फक्त झालं तेवढंच लिहा, "सर्व नुकसानीस मी जबाबदार" असलं काहीबाही लिहून देऊ नका.

व्हिसाचा बागुलबुवा सगळ्यात मोठा आणि आतून निम्मा पोकळ. आपला नेहमीचा इंजिनियरवाला व्हिसा त्या एका कंपनीशी बांधलेला नसतो, त्याच प्रकारचं काम दुसरीकडे करता येतं. नोकरी सुटली की 14 दिवसात इमिग्रेशनला कळवायचं, आणि 3 महिने कामाशिवाय विनाकारण बसून राहिलात तर मात्र व्हिसा रद्द होऊ शकतो, म्हणून शोधाशोध आधीच सुरू करायची. पर्मनंट नोकरी असेल तर राजीनाम्याला कायद्याने दोन आठवड्यांची नोटीस पुरते, काचो नाही म्हणाला तरी.

ह्याने वही एचआरसमोर ठेवली तेव्हा काचो म्हणाला, मी तर पोराला घडवत होतो. एचआरने व्हिसाचे कागद आठवड्याभरात स्वतः दिले, काचोचं काही वाकडं झालं नाही, तो अजून त्याच खुर्चीत आहे. पोरगा नव्या वर्षात कोबेला दुसऱ्या कंपनीत लागला. घरी अजून सांगितलेलं नाही, वडिलांना वाटतंय प्रमोशनवर गेलाय.