घराच्या चौदा भेगा

पर्वरीला महामार्गावर सहापदरी उड्डाणपूल होणार आणि त्याचा एक खांब आमच्या कुंपणापासून वीसेक पावलांवर येणार, हे कळलं त्या दिवशी आई जेवली नाही. घर आजोबांनी 1968 साली बांधलेलं. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या भिंती, मातीत बसवलेल्या, वरून चुन्याचा गिलावा, मंगलोरी कौलं. भेगा आधीपासूनच होत्या. पण त्या कुठे आणि किती, हे आमच्यापैकी कुणीच कधी मोजलं नव्हतं.

शेजारचे भाऊ म्हणाले, "आधी खांब उभे तर राहूंदेत." त्यांच्या डोळ्यांसमोर मडगावची स्कायबस होती. खांबांवरून लोंबत धावणाऱ्या डब्यांची ती मेट्रो कोकण रेल्वेने चाचणीपर्यंत आणली होती. 25 सप्टेंबर 2004 च्या चाचणीत अपघात झाला, एक कर्मचारी गेला, आणि पुढे तो मार्गच मोडून काढला. गोव्याला मेट्रोचा अनुभव आहे तो एवढाच.

माझी आत्या मात्र गिरगावात राहते. मुंबईची मेट्रो 3 साडेतेहतीस किलोमीटरची, जवळजवळ सगळी भुयारी, आणि ती तिच्या चाळीजवळूनच गेली. तिला फोन केला. ती म्हणाली, "अगं, रडत काय बसलीस? भुयार खणायच्या आधी आमच्याकडे माणसं आली होती. एकेक भेग मापली, फोटो काढले, भिंतीला मापं चिकटवली. तुमच्याकडे कुणी येईपर्यंत थांबू नकोस. मशीन यायच्या आत तू स्वतः कर."

मग एका रविवारी मी, आई आणि भाचा कामाला लागलो. प्रत्येक भेगेला खडूने नंबर घातला. शेजारी फूटपट्टी आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून फोटो काढला, म्हणजे तारखेबद्दल वाद नको. एकूण चौदा भेगा निघाल्या. सर्वांत रुंद स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली, नंबर 6, अडीच मिलिमीटर. काचपट्टी लावायची युक्ती भाच्याची. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ती पातळ काच. भेगेच्या दोन्ही बाजूंचा गिलावा खरवडून चिरा उघडा केला आणि काच आडवी ठेवून दोन्ही टोकं एम-सीलने पक्की केली. भिंत जराशी जरी हलली तरी काच तडकते. ती खोटं बोलत नाही. अशा पाच काचा लावल्या.

एक अर्ज पंचायतीत दिला, एक साइट ऑफिसात. दोन्हीकडे प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय मी जागची हलले नाही. संयुक्त पाहणीसाठी तीन खेपा पडल्या, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

जो इंजिनिअर आला तो तरुण होता, आधी पुण्याच्या मेट्रोवर काम केलेला. काचा बघून तो थबकलाच. "ताई, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मग अंगणात काठीने मातीत चित्र काढून त्याने आईला सगळं समजावलं. इथे वर चिऱ्याचा थर आणि खाली मऊ शेडी माती, आमच्या विहिरीत लागली तशीच. गिरमिटासारखं यंत्र फिरत फिरत खाली जातं. भोकाच्या कडा ढासळू नयेत म्हणून आत बेंटोनाइट नावाच्या मातीचा चिखल भरतात. मग सळ्यांचा पिंजरा सोडतात आणि पाइपने अगदी तळापासून काँक्रीट भरत वर येतात, तसा चिखल वरून बाहेर पडतो. "घण मारून पाया ठोकत नाही आम्ही, काकू. हादरा असलाच तर खाली कठीण खडक फोडावा लागला तेव्हाच." चौदा भेगांच्या यादीवर त्याने सही केली.

आमच्या बाजूचं काम सुरू झालं तेव्हा फळीवरचे तांब्याचे हंडे रात्रभर किणकिणत होते. मी दर तासाला टॉर्च घेऊन काचा बघत होते. एकही तडकली नाही. वहीत रोज लिहीत गेले: काम कधी सुरू, कधी बंद, पाऊस, काचा.

जुलैत सकाळी चहा ठेवायला गेले तर नंबर 6 ची काच मधोमध तुटलेली. संताप आला. तक्रार लिहायला बसलेच होते. आई म्हणाली, "वही बघ आधी." वहीत चार दिवस एकच ओळ होती: मुसळधार पाऊस, काम बंद. बाहेर जाऊन पाहिलं तर त्याच कोपऱ्यावरची पन्हळ पानांनी तुंबली होती आणि सगळं पाणी जोत्यालगत मुरत होतं. शेडी भिजली की बसते, कोपराही बसला. दोष आमच्या पन्हळीचा होता, पुलाचा नव्हता. तक्रार पाठवली असती तर एका निरपराध माणसावर आळ घेतला असता, या विचाराने अजून चरकते.

पेडण्याहून आमचा जुना गवंडी आला. सिमेंट वापरू दिलं नाही त्याने. चुनाच लावला, म्हणाला चिऱ्याला श्वास लागतो. पन्हळ बदलली, पाणी विहिरीकडे वळवलं.

पुलाचं काम चालूच आहे. नंबर 6 वर नवी काच बसवली आहे, आणि या खेपेला तारीख खडूने न लिहिता आईने ऑइलपेंटने लिहिली आहे.