ट्रेनरला एलेरॉन लावताना

माझं रिमोटवर उडवायचं ट्रेनर, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचं मॉडेल विमान, बाल्साच्या हलक्या लाकडाचं, पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत 1400 मिमी, बॅटरी धरून वजन 1100 ग्रॅमच्या आसपास. चॅनेल, म्हणजे रिमोटवरून हलवता येणाऱ्या गोष्टी, तीनच: थ्रॉटल (मोटरचा वेग), एलेव्हेटर (नाक वर-खाली), रडर (नाक डावी-उजवीकडे). एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला विमान कलवणाऱ्या झडपा, नाहीत म्हणून दोन्ही पंखांची टोकं 75-75 मिमी वर उचललेली. रडर दिलं की नाक सरकतं, बाहेरच्या पंखाला वारा जास्त कोनात लागतो, तो उचलला जातो आणि विमान कलून वळतं. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली रचना नाही. स्टिक सोडली तरी ते आपलं आपण सरळ होतं.

पण बाजूचा वारा आला की हाच गुण नडतो. इथे गोव्यात, आमच्या डिचोलीत सकाळी हवा शांत असते, दुपारकडे समुद्रावरचा वारा आत येतो. मे महिन्यात उतरताना त्या वाऱ्याने एक पंख उचलला. तो खाली दाबायला माझ्या हातात काहीच नव्हतं. दुसऱ्या पंखाचं टोक बांधाला लागलं, दोन रिब, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळ्या, मोडल्या. दुरुस्ती करायचीच होती, मग पावसाळा हाताशी असताना पंखांची उचल कमी करून एलेरॉनच लावायचं ठरवलं.

मधला जोड कापला. माझे मामा सुतार, फणसाच्या लाकडात त्यांची हयात गेली. ते बघायला आले आणि म्हणाले, "अरे, जुना गोंद आधी खरवडून काढ. गोंदावर गोंद धरत नाही." त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. नंतर एक पंख पाटावर सपाट टाचला, दुसऱ्याच्या टोकाखाली 50 मिमीचा ठोकळा ठेवला, म्हणजे जोडल्यावर दोन्ही बाजूंना 25-25 मिमी उचल येते. स्पारला, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांडीला, 3 मिमी प्लायचा तुकडा लावून सावकाश सुकणाऱ्या अरल्डाइटने जोडलं. पाच मिनिटांत घट्ट होणारं इथे मुद्दाम टाळलं. या जोडावर सगळ्या विमानाचा भार येतो, आणि गोंद लाकडात मुरायला वेळ हवा.

एलेरॉन कापणं त्यामानाने सोपं गेलं. पंखाच्या मागच्या कडेतून 40 मिमी रुंदीची पट्टी दोन्हीकडे काढली, उघड्या पडलेल्या रिबना बाल्साची पट्टी लावून तोंड बंद केलं, बिजागऱ्या बसवल्या. प्रत्येक पंखात खालच्या बाजूला एकेक 9 ग्रॅमचा सर्व्हो, म्हणजे एलेरॉन हलवणारी छोटी मोटर.

खरी गडबड श्रावणात झाली. प्लास्टिकची फिल्म चढवून पंख भिंतीला टांगला होता. पंधरा दिवसांनी मागून डोळा लावून पाहिलं तर उजव्या टोकाची मागची कड 4 मिमी खाली आलेली. दमट हवेत बाल्सा असा पिळतो. हे तसंच उडवलं असतं तर वेग कमी होताच त्याच टोकाची हवेवरची पकड आधी सुटली असती आणि विमान त्या बाजूला गिरकी खाऊन पडलं असतं. लेकीला पंख मधोमध घट्ट धरायला लावला, मी टोक उलट दिशेला पिळलं, हेअर ड्रायरने फिल्म तापवली आणि पूर्ण गार होईपर्यंत सोडलं नाही. तीनदा केलं तेव्हा दोन्ही टोकं सारखी झाली. मग पंख कपड्यांच्या कपाटात, बुरशी येऊ नये म्हणून आम्ही बल्ब लावतो त्या खणात ठेवला.

तोलबिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून 62 मिमीवर हवा होता, तो 65 वर आला होता. बॅटरी दीड-दोन सेंटिमीटर पुढे सरकवल्यावर जागेवर आला.

एक गोष्ट मात्र विमानात नव्हे, अंगठ्यात बदलायची होती. आजवर रडर उजव्या स्टिकवर होतं. आता तिथे एलेरॉन आले, रडर डाव्या हाताला गेलं. आठवडाभर रोज रात्री पंख लावून, मोटरचा पंखा काढून, टेबलावर सराव केला: स्टिक उजवीकडे, उजवं एलेरॉन वर. ते उलटं जोडलेलं असेल तर उडाल्यावर दुरुस्त करायला वेळच मिळत नाही.

भाताची कापणी झाल्यावर मळीत गेलो. डिचोली मोपा आणि दाबोळी या दोन्ही विमानतळांपासून 12 किमीच्या पलीकडे. तरी उडवण्याआधी एअरस्पेसचा नकाशा बघतोच, आणि 400 फुटांची मर्यादा पाळतो. लेकीने हाताने सोडलं. पहिल्याच वळणात उजवा कल दिला आणि नाक आधी डावीकडे गेलं, शेपूट ओढत असल्यासारखं विमान तिरकं सरकलं. कारण ठाऊक होतं. खाली गेलेलं एलेरॉन त्या पंखाला मागे खेचतं, आणि माझी दोन्ही एलेरॉन वर-खाली सारखीच, 10-10 मिमी हलत होती. उतरवून सर्व्होचे हात एकेक दात पंखाच्या पुढच्या कडेकडे झुकवले आणि सर्व्होपासून एलेरॉनपर्यंतच्या दांड्यांची लांबी जुळवून एलेरॉन पुन्हा मधोमध आणली. आता वर 12, खाली 7.

दुसऱ्या खेपेला वळण स्वच्छ आलं. साडेअकराला वारा सुरू झाला तरी मी विमान लगेच खाली आणलं नाही. लेक बांधावरून ओरडली, "बाबा, वारा आला!" वाऱ्याकडचा पंख किंचित खाली दाबून, डाव्या हाताने रडरवर नाक सरळ धरून आणलं. आधी एक चाक धसकटांना लागलं, मग दुसरं.