उतरत्या पाण्याचे दिवस

चैत्र लागला की आमच्या घरासमोरचे पाणी मागे सरकू लागते. पावसाळ्याच्या अखेरीस बाभळींच्या बुंध्यांना टेकलेला जलाशय पाडव्याच्या सुमारास बराच आत गेलेला असतो, आणि मधल्या पट्ट्यातला ओला गाळ उन्हाने तडकून त्याच्या खपल्या निघू लागलेल्या असतात. माझे सासरे हयात होते तेव्हा पाडव्याच्या संध्याकाळी गुढी उतरवून झाली की ते त्या दिवशीच्या पाण्याच्या कडेला बाभळीची एक खुंटी ठोकून येत असत. आता ते काम माझा मुलगा करतो. ती खुंटी आणि पाणी यांच्यातले अंतर पाहत आम्ही चैत्र आणि वैशाख काढतो, आणि या दोन महिन्यांत येणारे सण मला वर्षातल्या इतर कोणत्याही सणांपेक्षा जवळचे वाटतात.

माझे माहेर नाशिकमध्ये पंचवटीत आणि सासर निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयाकाठी. दोन्ही ठिकाणी नदी तीच आहे. माहेरी तिला गोदावरी म्हणणारे माणूस मी लहानपणी ऐकले नाही. सगळे जण ‘गंगेवर जाऊन येतो’ असेच म्हणत. लग्नानंतर इथे आले तेव्हा तीच गंगा एवढी रुंद आणि एवढी स्तब्ध पाहून मी गोंधळले होते, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती डोळ्यांदेखत आटू लागल्यावर मला ते पाहवत नव्हते. सासऱ्यांनी तेव्हा समजावले होते, “पाणी आपल्याकडं मुक्कामाला येतं सूनबाई, नांदायला नाही.”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा बंधारा बांधला गेला आणि त्याच्या उजव्या व डाव्या कालव्यांनी पाणी खाली कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरच्या शेतांपर्यंत जाऊ लागले. वरच्या अंगाला दारणा, गंगापूर अशी धरणे आहेत. तिथून सोडलेले पाणी आमच्या दारात येते, थोडे थांबते आणि पुढे जाते. शंभराहून अधिक वर्षे नदीने आणलेला गाळ इथे साचत गेला, पात्र उथळ झाले, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या, आणि साठवणुकीच्या दृष्टीने जे नुकसान होते त्यातूनच पाखरांचे राज्य उभे राहिले. 1986 साली हा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2019 साली तो महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला. हिवाळ्यात शहरांतून दुर्बिणी घेऊन माणसे येतात. चैत्रात मात्र थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे पाहुणे उत्तरेकडे निघून गेलेले असतात, पर्यटकही येईनासे होतात आणि तळे पुन्हा गावाचे होते. मला ते तेव्हाच अधिक आवडते.

पाडव्याला सकाळी कडुनिंबाची कोवळी पाने, गूळ, हरभऱ्याची डाळ आणि ओवा वाटून केलेला प्रसाद घराघरांत होतो. पण गावाचे खरे लक्ष असते ते मारुतीच्या पारावर होणाऱ्या पंचांगवाचनाकडे. राजा कोण, मंत्री कोण हे लोक अर्धवट ऐकतात. पावसाचे आढक, म्हणजे पंचांगातले पावसाचे माप, किती, त्यातला समुद्रावर किती, डोंगरावर किती आणि जमिनीवर किती, हे सुरू झाले की पारावरची कुजबुज थांबते. द्राक्षाच्या बागा खुडून झालेल्या, उन्हाळ कांदा शेतात पडलेला आणि समोर उतरणारे पाणी, अशा वेळी ते चार आकडे म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांवर जे काही आणतात ते पाहण्यासाठी मी दरवर्षी पाराच्या मागच्या बाजूला उभी राहते.

रामनवमीनंतर दोन दिवसांनी, कामदा एकादशीला, मी माहेरी जाते. त्या दिवशी काळाराम मंदिरापासून रथ निघतात. पुढे गरुडरथ असतो आणि मागे रामरथ. ज्यांच्याकडे त्या वर्षीच्या पूजेचा मान असतो ते बुवा रथाकडे तोंड करून, म्हणजे देवाला पाठ न दाखवता, संपूर्ण वाट उलट्या पावलांनी चालतात; लहानपणी ते अडखळतील या भीतीने मी वडिलांचा हात घट्ट धरून ठेवत असे. दोर ओढणाऱ्यांच्या अंगावर वरच्या मजल्यांवरून पाणी टाकले जाते आणि उंबऱ्याउंबऱ्यावर पाण्याची नाही तर सरबताची भांडी मांडलेली असतात. गरुडरथ नदीपलीकडे जाऊन शहरात फिरून येतो. रामरथ मात्र नदी ओलांडत नाही. शेवटी रामकुंडावर उत्सवमूर्तींना अवभृथ स्नान, म्हणजे सांगतेचे स्नान, घातले जाते. दिवसभर तापलेल्या दगडी घाटावर उभे राहून ते स्नान पाहताना जो गारवा मनाला मिळतो, त्यासाठी एसटीचा भर उन्हातला प्रवास मला कधीच जड वाटलेला नाही.

माझ्या वडिलांनी या रथाची दुसरी हकीकतही मला त्याच घाटावर सांगितली होती. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याच वर्षीच्या रथोत्सवात रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढावा असे ठरले असताना तो शब्द मोडला गेला, दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. “दोराला हात लावशील तेव्हा हे ध्यानात ठेव,” एवढेच ते म्हणाले होते. मी ते ध्यानात ठेवले आहे आणि माझ्या मुलांनाही त्याच पायऱ्यांवर बसवून सांगितले आहे. हा सण मला प्राणापलीकडे प्रिय आहे, आणि म्हणूनच त्याचा हा भाग वगळून तो साजरा करणे मला जमत नाही.

माहेराहून परतताना मी कैऱ्या घेऊन येते, कारण चैत्रगौरीचे हळदीकुंकू तोंडावर आलेले असते. चैत्र शुद्ध तृतीयेला झोपाळ्यात बसवलेली गौर अक्षय्यतृतीयेपर्यंत महिनाभर माहेरपणाला असते. आमच्या गावात पूर्वी हे हळदीकुंकू फारसे होत नव्हते. मी ते सुरू केले तेव्हा सासूबाईंनी आधी चौकशी केली आणि मग स्वतःच वाळ्याचे पाणी आणि कैरीचे पन्हे करण्याचे काम अंगावर घेतले. आंबेडाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी आणि अंगणात काढलेले चैत्रांगण, एवढाच सगळा थाट असतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास बायका कांद्याच्या शेतातून थेट येतात, हातपाय धुतात, पदर सारखा करतात आणि ओटीवर टेकतात. पन्ह्याचा पहिला घोट घेतल्यावर दिवसभर उन्हात कांद्याची पात कापणाऱ्या बाईच्या तोंडून जो सुस्कारा निघतो, तो ऐकला म्हणजे हा सण चैत्रातच का आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

आमच्या ओटीवरून तळे दिसते. एका वर्षी माझ्या धाकट्या जाऊबाईंनी पाण्याच्या कडेने चाललेल्या बदकांच्या जोडीकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, “ताई, ती बघा, तीही हळदीकुंकवाला आली.” ती खरोखरच हळदीकुंकू बदके होती. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असल्यामुळे मराठीत त्यांना हे नाव मिळाले आहे. हिवाळी पाहुण्यांसारखी ती देश सोडून जात नाहीत. पाणी कितीही उतरले तरी इथेच राहतात. ज्याने कोणी हे नाव ठेवले त्याच्या, किंवा बहुधा तिच्या, नजरेचे मला फार कौतुक वाटते.

रोजचे जगणे या काळात पहाटेकडे सरकलेले असते. कुरडयांसाठी गहू तीन दिवस पाण्यात भिजत असतात, रोज पाणी बदलायचे, मग वाटून त्यांचा चीक काढायचा आणि पहाटे चार वाजता चुलीवर मोठे पातेले चढवायचे. गरम चीक वाटीत घेऊन त्यावर साखर घालून खाण्यासाठी घरातली मुले त्या वेळी न उठवता उठतात. ऊन चढण्याआधी सोऱ्याने कुरडया पाडून बाजेवरच्या जुन्या लुगड्यावर वाळत घातल्या की पुरुष कांद्याकडे वळतात. काही कांदा लासलगावच्या बाजार समितीत जातो, उरलेला चाळीत भरला जातो. त्याच सुमारास कोळी बांधव रात्रीची जाळी काढून काठाला येतात. दुपारी एक ते चार गाव निजलेले असते. म्हशी तेवढ्या नाकापर्यंत पाण्यात बसून असतात आणि त्यांच्या पाठींवर बगळे.

या दिवसांतली एक गोष्ट मला मनापासून सलते. वाहते पाणी कमी झाले की वरून, शहराच्या अंगाने, सांडपाणी आणि पाणवेली येतात. चांदोरी, सायखेड्यापासून नदी हिरवी दिसू लागते आणि दुरून ते दृश्य एखाद्या कुरणासारखे वाटते. पण त्या हिरव्या थराखाली पाण्याचा श्वास कोंडतो, जाळी अडकतात आणि वाऱ्याची दिशा बदलली की घराच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. ज्या रामकुंडावर आम्ही देवाला स्नान घालतो त्याच्याच खालच्या अंगाला, दिवसभराच्या वाटेवर, तेच पाणी असे होऊन आमच्या दारात यावे, हे मला माहेर आणि सासर दोन्हींच्या वतीने अपमानाचे वाटते. पंचवटीतल्या माझ्या भावंडांना मी हे दर वर्षी सांगते.

हनुमान जयंतीनंतर आमच्या गावाची यात्रा भरते. आदल्या रात्री तरुण मुले कावडी घेऊन गंगेचे पाणी आणायला निघतात. दारात जलाशय असताना कावड घेऊन लांब कशाला जायचे, असे मी नवी नवरी असताना विचारले होते, त्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, “देवाला पाणी चालून आणलेलं लागतं, हात लांबवून घेतलेलं नाही.” सकाळी वाजतगाजत कावडी येतात, देवाला अभिषेक होतो आणि मग पाळणे, गोडीशेव, जिलेबी, रेवड्या, काकणे, पिपाण्या यांनी काठालगतचे मोकळे मैदान भरून जाते. तिसऱ्या प्रहरी कुस्त्या लागतात. नारळावर सुरू होणाऱ्या लहान पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत सगळे गाव मैदानाभोवती मांडी घालून बसलेले असते.

काही वर्षांपूर्वी कुस्त्यांसाठी जागा नांगरायला गेलेल्या मुलांना तिथे टिटवीची चार अंडी सापडली. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या आडोशाला अंडी घालते, आणि ती मातीच्याच रंगाची असल्याने पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. तिने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त आणि खोलगट जागी घातली की कमी, असे इकडे मानतात. त्यामुळे बातमी ताबडतोब पारावर पोहोचली आणि म्हातारी मंडळी जागा पाहायला काठ्या टेकत आली. अंडी उंचवट्यावर होती. पारावरच्या मंडळींचे चेहरे उजळले, आणि मग कोणी फारशी चर्चा न करता कुस्त्यांची जागा वीस-पंचवीस पावले पलीकडे नेली गेली. अंड्यांभोवती चार काठ्या रोवून दोरी बांधली आणि एका मुलाला राखणीला बसवले. त्या दिवशी ढोलताशांचा एवढा गजर चालू असताना टिटवी दर थोड्या वेळाने उठून ओरडायची आणि पुन्हा येऊन बसायची. ज्या मल्लाने शेवटची कुस्ती मारली तो फेटा बांधून झाल्यावर आधी ती अंडी पाहायला गेला होता. आमच्या यात्रेविषयी कोणी विचारले तर मी पाळण्यांचे आणि कुस्त्यांचे वर्णन करण्याआधी हेच सांगते.

अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या आखाजीला, यात्रेचा गोंगाट नसतो. त्या दिवशी पितरांसाठी मातीची नवी घागर भरतात. कुंभाराकडून आदल्या दिवशी आणलेली लाल घागर धुऊन, तिच्या गळ्याला सूत गुंडाळून, आत वाळा टाकून ती गव्हावर ठेवली जाते. तिच्या तोंडावर खरबूज आणि आंबे ठेवतात. आमरस आणि पुरणपोळीचा नैवेद्य होतो, चुलीतल्या निखाऱ्यांवर घास टाकून गेलेल्यांची नावे घेतली जातात. आता त्या नावांत सासऱ्यांचेही नाव आहे. जेवणे झाल्यावर गौरीची बोळवण होते. घरातला झोपाळा रिकामा झाल्याचे पुढचे दोन दिवस जाणवत राहते.

आमच्या घरी भरलेली दुसरी एक घागर त्याच दिवशी ओट्याच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला ठेवली जाते आणि पाऊस सुरू होईपर्यंत ती कधीही रिकामी राहू द्यायची नाही, हा सासूबाईंचा नियम आहे. गेल्या आखाजीला ऊन कलल्यावर कालव्यावर फिरणारा पाटकरी सायकल भिंतीला टेकवून तिथे थांबला. त्याने तांब्याभर पाणी वरून प्यायले, थोडे तोंडावर मारले आणि सोमवारपासून कालव्याला पाण्याचे आवर्तन सुटणार असल्याचे सांगितले. म्हणजे पाणी आणखी उतरणार होते. मी तळ्याकडे पाहिले. पाडव्याची खुंटी कोरड्या जमिनीत एकटी उभी होती आणि पाणी तिच्यापासून इतके लांब गेले होते की मधल्या गाळात मुले क्रिकेट खेळत होती. सासूबाईंनी आवर्तनाबद्दल काहीच विचारले नाही. खाली कोपरगावाकडे ऊस वाळत असेल एवढेच त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पाटकऱ्याच्या हातातला तांब्या घेऊन पुन्हा भरून दिला.